शून्यावर सत्तर

चारला निघायचं म्हणून तीनला उठवलं पोरांना.
ट्रक कालच गेला. त्यात फ्रिज उभा, कूलर आडवा,
आणि दळणाचा डबा, अर्ध्या ज्वारीसकट.
होसूरला कूलर लागत नाही म्हणे.
मी म्हटलं, असू दे. एप्रिल कुठेही येतो.

इंदोऱ्यातून निघून धम्मदीपने गाडी
सरळ वर्धा रोडला नाही घेतली,
झिरो माइलला थांबवली.
चार दगडी घोडे, पिवळ्या उजेडात,
पाय उचललेले, कुठेच न निघालेले.
"इथून मोजायचं," तो म्हणाला,
आणि यशोधरेने मागच्या सीटवरून वाकून
ट्रिप मीटरचं बटण दाबलं.
शून्य.
अकराशेच्या आसपास होईल.
अकराशे म्हणजे शाळेत किती वेळा जाऊन येणं?
हा हिशेब चिंचभुवनपर्यंत चालला, मग ती झोपली.
माझ्या मांडीवर डालड्याच्या डब्यातला कढीपत्ता,
प्रत्येक गतिरोधकाला नाकाशी येणारा.

बुटीबोरीला सुजातला लागली.
रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने आधी
डावा बूट काढला, उलटा केला.
चावी.
घराची. जी गजभियेकाकूंना द्यायची होती,
जी मला वाटलं धम्मदीपने दिली, त्याला वाटलं मी.
"आता कोणीच आत जाऊ शकत नाही," तो म्हणाला
आणि निवांत सू केली.

ओरडायला हवं होतं कोणीतरी.
धम्मदीपने टपरीवरून दोन चहा आणले,
एक प्यायला, मग दुसराही तोच प्यायला.
"कुरियर करू," मी म्हटलं.
"दहाला नवे लोक येऊन राहिले, सामान घेऊन.
त्यांचेही पोट्टे असतील."
मीटरवर एकतीस होते.
गाडी वळवली.

उजाडलेल्या शहरात परत शिरताना
मला चोरट्यासारखं वाटत होतं.
काल अख्ख्या गल्लीने डोळे पुसले,
मेश्रामांनी जाताना वाचायला म्हणून
जुनं कॅलेंडरसुद्धा दिलं,
आणि आज आम्ही हे असे, तर्री पोह्यांच्या वेळेला हजर.

काकू नळावर होत्या.
"काऊन गं? गेले नाही का बाप्पा?"
"मी उघडतो," सुजात म्हणाला.

हात पुरेना, उचलून धरलं त्याला.
आत नुसती खोली.
कूलरच्या जागी खिडकीखाली ओलीचा डाग,
दाराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा,
यशूच्या सात, याच्या तीन.
त्याने हाक मारली, "सुजात!"
भिंतींनी ती परत दिली, जरा जाड आवाजात.
"आहे तो आत," तो म्हणाला. घाबरला नाही.
कुलूप स्वतः दाबलं, ओढून पाहिलं,
काकूंच्या ओल्या हातावर चावी ठेवली.
"त्याला रागवू नका."
काकूंनी पदर तोंडाला लावला,
हसायला की कशाला, मी पाहिलं नाही.

दुसऱ्यांदा निघताना कोणी हात हलवला नाही.
नळ जायच्या आत भांडी भरायची होती सगळ्यांना.
घोड्यांपाशी सिग्नल लाल. यशोधरा जागी झाली.
"झिरो माइलवर सत्तर कसे?"
तिचं बोट बटणाकडे गेलं,
धम्मदीपने हलकेच बाजूला केलं.
"राहू दे. हेही चाललोच नं आपण."

बुटीबोरीला ऊन चढलेलं. टपरीवाल्याने ओळखलं.
"परत आले का?"
"नाही, परत जाऊन राहिलो."
त्याने दोन चहा दिले, पैसे एकाचेच घेतले.
या वेळी दुसरा माझ्या हातात आला.

हिंगणघाट मागे पडल्यावर
दोन सीटांच्या मधून एक पाय पुढे आला,
कढीपत्त्याला लागला.
"आई, हा बूट मोठा झाला."